ब्रेक कॅलिपरची पुनर्बांधणी

डिस्क ब्रेक असलेल्या मोटारीचा मूळ कॅलिपर पूर्णपणे खोलून, त्याचे ओतीव लोखंडी अंग कायम ठेवून आणि त्यातील झिजलेले, गंजलेले किंवा कडक झालेले भाग बदलून अथवा दुरुस्त करून तो पुन्हा मूळ क्षमतेने काम करील अशा स्थितीत आणण्याच्या प्रक्रियेस ब्रेक कॅलिपरची पुनर्बांधणी असे म्हणतात. ज्या मोटारींचे उत्पादन थांबून अनेक दशके लोटली आहेत आणि ज्यांचे नवे कॅलिपर सहजी मिळत नाहीत, अशा जुन्या मोटारींच्या बाबतीत ही प्रक्रिया विशेष महत्त्वाची ठरते. गॅरेजच्या बोलीत तिला ‘कॅलिपर ओव्हरहॉल करणे’ किंवा ‘कॅलिपरला किट टाकणे’ असे म्हटले जाते. मात्र हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत. किट टाकताना केवळ रबरी सील आणि धूळरोधक रबर बदलले जातात. पुनर्बांधणीत पिस्टनचा पृष्ठभाग, बोअर, सीलची खाच, बाह्य लेपन आणि दाबचाचणी यांचाही समावेश होतो. जुन्या कॅलिपरला नुसते किट टाकल्यावर काही महिन्यांतच पुन्हा गळती सुरू होते, ती बहुधा हा फरक न पाळल्यामुळे.

पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये अशा ब्रेकचे एकस्व घेतले होते. परंतु त्या काळातील धातू आणि घर्षणद्रव्ये त्यासाठी पुरेशी नव्हती. १९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने विजय मिळवला आणि त्या शर्यतीत प्रथमच ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेग नोंदला गेला. त्यानंतर हे तंत्र झपाट्याने रस्त्यावरील मोटारींत आले. १९५५ ची सिट्रोएन डीएस आणि १९५६ पासूनची ट्रायम्फ टीआर ३ ही त्याची आरंभीची उदाहरणे होत.

भारतात मात्र ड्रम ब्रेकचे राज्य दीर्घकाळ टिकले. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी चारही चाकांवर ड्रम ब्रेकच वापरत असे. हिंदुस्थान ॲम्बॅसॅडरचीही बहुतेक काळ हीच स्थिती होती. त्यामुळे नागपूरच्या रस्त्यांवर ज्या जुन्या मोटारी सर्वाधिक ओळखीच्या आहेत, त्यांच्या बाबतीत कॅलिपरचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे व्हील सिलिंडर बदलून किंवा त्यात स्लीव्ह बसवून काम भागते. कॅलिपरच्या पुनर्बांधणीची गरज प्रामुख्याने परदेशातून आलेल्या मोटारींना भासते. जॅग्वार मार्क २, एमजीबी यांसारख्या ब्रिटिश मोटारी आणि मर्सिडीज-बेंझच्या जुन्या श्रेणी यांत मोडतात. १९७६ मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ श्रेणीस चारही चाकांवर डिस्क आहेत, म्हणजे एका मोटारीत चार कॅलिपर आणि आठ पिस्टन सांभाळावे लागतात. देशी मोटारींपैकी १९८० च्या दशकातील स्टँडर्ड २००० आणि १९९० मधील मारुती १००० यांना पुढील चाकांवर डिस्क होत्या. पुण्याजवळ पिंपरी येथे १९९५ पासून जुळणी झालेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ ही आता तीस वर्षांच्या घरात पोहोचली आहे, आणि तिचे मूळ कॅलिपर याच वळणावर आले आहेत.

रचना आणि कार्य

कॅलिपर हा डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा होय. ब्रेकच्या पायपट्टीवर दाब दिला की मास्टर सिलिंडरमधील द्रवाचा दाब नळ्यांतून कॅलिपरमध्ये पोहोचतो आणि पिस्टन पुढे सरकून ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो. या व्यवस्थेतील बले सामान्य कल्पनेपेक्षा बरीच मोठी असतात. ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ७० बार दाब आला, तर एकाच पिस्टनवरील बल सुमारे १,६०० किलो वजनाइतके होते.

कॅलिपरचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्थिर कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात आणि त्याचे अंग दोन अर्धभाग बोल्टने जोडून बनवलेले असते. सरकत्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूला पिस्टन असतो आणि संपूर्ण अंग मार्गदर्शक पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचे पॅड ओढून घेते. १९५० ते १९७० च्या दशकांतील युरोपीय मोटारींत पहिला प्रकार अधिक आढळतो.

ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हा या यंत्रणेतील सर्वांत नाजूक भाग आहे. बहुतेक कॅलिपरमध्ये त्यासाठी कोणतीही स्प्रिंग नसते. बोअरच्या भिंतीत एक खाच असते आणि तिच्यात चौकोनी छेदाचे रबरी सील बसवलेले असते. पिस्टन पुढे जाताना सील त्याला धरून किंचित पिळले जाते. दाब गेला की ते मूळ आकारात परतते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एका लहान अंशाइतके मागे खेचते. तेवढ्यावर डिस्क मोकळी फिरते. अर्थात सील कडक झाले, किंवा खाचेत गंज साचून सीलला हालचालीस जागा उरली नाही, तर पिस्टन मागे येत नाही. अशा चाकाचा ब्रेक सतत घासत राहतो.

डनलॉपचे आरंभीचे कॅलिपर याला अपवाद आहेत. त्यांत सिलिंडर हे स्वतंत्र भाग असून ते कॅलिपरच्या अंगाला बोल्टने जोडलेले असतात, सील बोअरमध्ये नसून पिस्टनवर बसते आणि पिस्टन मागे घेण्यासाठी एक वेगळी पिन असते. हा भेद माहीत नसलेल्या कारागिराकडून जॅग्वारचे काम हमखास बिघडते, कारण दोन्ही रचनांत नेमका कोणता पृष्ठभाग निर्दोष असायला हवा याचे उत्तर उलटे आहे. सील अंगात असेल तर पिस्टनचा पृष्ठभाग महत्त्वाचा. सील पिस्टनवर असेल तर बोअरचा.

बिघाडाची कारणे

धावणाऱ्या मोटारीपेक्षा उभी राहिलेली मोटार कॅलिपरच्या दृष्टीने अधिक धोक्यात असते. प्रचलित ब्रेक द्रव ग्लायकॉल ईथरवर आधारित असून तो हवेतील बाष्प शोषून घेतो. रबरी होज आणि टाकीच्या झाकणावरील छिद्र यांतून हे बाष्प हळूहळू आत शिरते, आणि द्रवाची हालचाल होत नसल्याने पाण्याचा अंश कॅलिपरमध्ये साचून राहतो. पिस्टनवर कठीण क्रोमियमचा पातळ थर असतो. त्याला सूक्ष्म तडा गेला की खालचे पोलाद गंजते, गंज फुगून वरचे क्रोमियम उचलतो आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. धूळरोधक रबर फाटलेले असल्यास हीच क्रिया बाहेरच्या बाजूनेही सुरू होते.

नागपूरचे हवामान या क्रियेस दोन्ही बाजूंनी हातभार लावते. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सियसपुढे जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. त्या उष्णतेत रबर लवकर कडक होऊन तडकते. लगेच जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता एकदम वाढते. उन्हाळ्याने तडकलेल्या रबरातून पावसाळ्याचे बाष्प आत जाते. वर्षातून एकदोनदाच, बहुधा हिवाळ्यातील मेळाव्यासाठी, बाहेर काढल्या जाणाऱ्या मोटारींत हे चक्र अखंड चालते. मुंबई-कोकणातील खारी हवा येथे नाही, हे खरे. तथापि तेवढ्याने कॅलिपर सुरक्षित राहतो असे मानणे चुकीचे ठरेल.

निदान

एखादे चाक प्रवासानंतर इतरांपेक्षा जास्त तापणे, ब्रेक दाबल्यावर मोटार एका बाजूला ओढली जाणे, एकाच कॅलिपरमधील दोन पॅड असमान झिजणे आणि द्रवाची पातळी घटणे ही प्रमुख लक्षणे आहेत. मात्र अडकून राहणाऱ्या ब्रेकचा दोष नेहमी कॅलिपरचाच असतो असे नाही. जुना रबरी होज आतून सुजला की तो एकमार्गी झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने द्रव पुढे जातो, पण परत येत नाही. हे ओळखण्याची साधी रीत अशी की चाक अडकलेले असताना कॅलिपरवरील एअर काढण्याचे निपल थोडे सैल करावे. द्रव जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब मागे अडकला होता आणि दोष होजमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. चाक तरीही अडकलेलेच राहिले, तर पिस्टन जाम आहे. ही तपासणी न करता कॅलिपर खोलणे म्हणजे दुसऱ्याच रोगावर शस्त्रक्रिया करणे होय. होजची किंमत कॅलिपरच्या कामाच्या तुलनेत नगण्य असल्याने पुनर्बांधणीबरोबर चारही होज बदलण्याची प्रथा आहे.

प्रक्रिया

कॅलिपर मोटारीवरून उतरवण्यापूर्वी तो डावा की उजवा हे चिन्हांकित करणे आवश्यक असते. काही कॅलिपर दोन्ही बाजूंना बसतात. पण अदलाबदल झाल्यास निपल वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला येते, आतील हवा कधीच बाहेर पडत नाही आणि कितीही वेळा एअर काढली तरी पायपट्टी मऊच राहते.

जाम झालेला पिस्टन बाहेर काढणे हे कामातील सर्वांत जोखमीचे पाऊल आहे. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरतात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी शक्ती साठवते, त्यामुळे पिस्टन सुटताना गोळीसारखा उडतो. बोटे चिरडण्याचा धोका यात खराखुरा आहे. व्यावसायिक कारागीर द्रवाचा किंवा ग्रीसचा दाब देणारा हातपंप वापरतात. द्रव जवळपास दाबला जात नसल्याने पिस्टन सावकाश बाहेर येतो आणि सुटताच दाब शून्य होतो. पिस्टन पकडीने किंवा पान्याने ओढल्यास त्याच्यावर ओरखडे उठतात व तो निकामी होतो. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते; म्हणून ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

स्थिर कॅलिपरचे दोन अर्धभाग वेगळे करावेत की नाही, याबद्दल जुना वाद आहे. अनेक उत्पादकांच्या कार्यशाळा-पुस्तिकांत ते वेगळे करू नयेत अशी सूचना आढळते. सांध्यातून द्रव जाण्यासाठी असलेले छोटे सील त्या काळी सुटे मिळत नसे आणि बोल्ट ठरावीक ताणाने आवळावे लागत, हे तिचे कारण होते. आज योग्य मापाचे सील आणि बोल्ट मिळत असतील, तर पूर्ण स्वच्छतेसाठी अर्धभाग वेगळे करणेच श्रेयस्कर मानले जाते. ते मिळत नसतील, तर पुस्तिकेचे ऐकावे.

स्वच्छतेच्या टप्प्यावर सर्वाधिक नुकसान चुकीच्या द्रव्याने होते. गॅरेजमध्ये ब्रेक द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. वास्तविक ते तेल नव्हे. ग्लायकॉल द्रवासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर खनिज तेलाच्या संपर्काने फुगते. रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस यांचा अंश कॅलिपरमध्ये राहिल्यास नवे सील काही दिवसांत सुजून पिस्टन पुन्हा जाम होतो. भाषेतला हा एक शब्द आजवर किती सीलांच्या मुळावर आला असेल, याची गणती कोणी केलेली नाही. अंतर्भाग स्पिरिटने किंवा स्वच्छ ब्रेक द्रवानेच धुतात आणि जुळणीच्या वेळी त्यासाठीचे खास रबर ग्रीस वापरतात. याउलट सिट्रोएनच्या खनिज तेलावर चालणाऱ्या प्रणालीला ईपीडीएम सील चालत नाही.

सीलची खाच हाताने साफ करावी लागते. तिच्या एका कडेला दिलेला तिरपेपणा सीलच्या परतीच्या हालचालीसाठी असतो. पोलादी अणीने किंवा छिन्नीने खरवडल्यास तो नष्ट होतो. म्हणून पितळी किंवा लाकडी अणी वापरतात. खाच स्वच्छ करण्यास कधीकधी उरलेल्या सर्व कामाइतका वेळ लागतो, आणि स्वस्तात केलेल्या कामात नेमके हेच वगळलेले असते.

पिस्टनबाबत तीन मार्ग उपलब्ध असतात. उत्तम मार्ग मूळ मापाचा नवा पिस्टन घेणे हा होय. तो मिळत नसल्यास जुना पिस्टन ग्राइंडिंग करून लहान करतात, त्यावर हार्ड क्रोमचा थर चढवतात आणि पुन्हा मूळ मापापर्यंत घासून चकचकीत करतात. तिसरा मार्ग स्टेनलेस स्टीलचा पिस्टन लेथवर बनवून घेण्याचा. तो गंजत नाही आणि पॅडची उष्णता द्रवाकडे कमी प्रमाणात जाऊ देतो. मात्र नेहमीच्या पोलादापेक्षा स्टेनलेस स्टील उष्णतेने अधिक प्रसरण पावते. ५४ मिलिमीटरच्या पिस्टनमध्ये १५० अंशांच्या तापमानवाढीला हा फरक सुमारे ०.०४ मिलिमीटर येतो. तेवढी मोकळीक आधीच ठेवली नाही, तर थंड असताना सुरळीत चालणारा पिस्टन घाटात अडकतो. काही जर्मन कॅलिपरच्या पिस्टनच्या तोंडावर एक पायरी कापलेली असते. पॅड किंचाळू नये म्हणून ती डिस्कच्या फिरण्याच्या दिशेच्या संदर्भात २० अंशांच्या कोनात बसवावी लागते. नवा पिस्टन घडवताना ही पायरी हमखास विसरली जाते.

बोअर खोलवर गंजला असल्यास आणि सील पिस्टनवर बसत असल्यास बोअर मोठा करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घट्ट बसवतात. सील अंगात असलेल्या कॅलिपरमध्ये बोअरवरील किरकोळ डाग गळतीस कारणीभूत ठरत नाहीत. तेथे स्लीव्ह सुचवणारा कारागीर एकतर रचना समजलेला नसतो किंवा बिल वाढवत असतो. बाह्य अंगावर जस्ताचा लेप देऊन त्यावर पिवळसर क्रोमेट चढवणे ही मूळ कारखान्यातील पद्धत होती. भडक लाल रंग दिलेला कॅलिपर प्रदर्शनात उठून दिसतो. जाणकार परीक्षक त्याचेच गुण कापतात.

जुळणीनंतर प्रत्येक कॅलिपर बाकावर दाबचाचणीतून जातो. आधी अगदी कमी आणि मग प्रत्यक्ष वापरातील उच्च दाब देऊन तो काही काळ तसाच ठेवतात. कमी दाबाची चाचणी वगळणे अयोग्य होय, कारण उच्च दाबाखाली सील भिंतीला घट्ट चिकटते आणि सौम्य गळती लपते. मोटारीवर बसवल्यानंतर डिस्कची जाडी व डगमग तपासली जाते, एअर काढली जाते आणि नवे पॅड रुळेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने वारंवार हळुवार ब्रेक लावले जातात.

ब्रेक द्रवाची निवड

डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १४० अंशांवर येऊ शकतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, आणि पायपट्टी कोणताही प्रतिकार न करता तळाला जाते. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर हा धोका सहसा जाणवत नाही. परंतु चिखलदऱ्याहून खाली उतरताना जुना द्रव आणि घासणारा कॅलिपर एकत्र आले, तर पूर्वसूचना फारशी मिळत नाही. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ पाणी शोषत नाही व रंगाला अपाय करत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या मोटारींचे काही मालक तो पसंत करतात. तो ग्लायकॉल द्रवात मिसळता येत नाही, आणि प्रणालीत शिरलेले पाणी त्यात विरघळत नसल्याने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे बहुधा कॅलिपरमध्येच, साचते. त्यामुळे त्याचा लाभ सर्व रबर बदललेल्या कोरड्या प्रणालीतच मिळतो.

नागपुरातील स्थिती

पुनर्बांधणीची सर्व कामे एका छताखाली क्वचितच होतात. खोलणे व जुळणी ब्रेकच्या गॅरेजात, पिस्टनचे काम लेथवर आणि क्रोमियम प्लेटिंगवाल्याकडे, अशी विभागणी सामान्य आहे. यंत्रकामाच्या बाबतीत नागपूरची बाजू भक्कम आहे. हिंगणा आणि बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहती, हिंगण्यातील महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि अंबाझरीची आयुध निर्माणी यांमुळे येथे अचूक मापाच्या यंत्रकामाची परंपरा आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात असून आसपासच्या कोळसा खाणींत हायड्रॉलिक यंत्रे मोठ्या प्रमाणावर चालतात. त्यांच्या जॅकच्या दांड्यांना हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करण्याचे तंत्र आणि कॅलिपरच्या पिस्टनचे तंत्र तत्त्वतः एकच आहे. खरी अडचण सुट्या भागांची असते. जुन्या ब्रिटिश व जर्मन कॅलिपरची सीले परदेशातून मागवावी लागतात किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील बाजारात शोधावी लागतात. जुन्या गोदामातील न वापरलेले ‘ओरिजिनल’ किट मिळाले की मालक हरखून जातात. रबर मात्र वेष्टनातही म्हातारे होते, आणि चाळीस वर्षे जुने नवे सील हे जुनेच सील असते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून जुन्या मोटारी मेळाव्यांसाठी ट्रकवर न चढवता चालवत नेण्याचा मोह वाढला आहे. तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या मोटारीत किंचित घासणारा ब्रेक चालकाच्या ध्यानात येत नाही, चाक मात्र तापत राहते.

मूळपणा आणि कायदा

मूळ कॅलिपर जपावा की त्याजागी आधुनिक कॅलिपर बसवावा, याबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, तीस वर्षांहून जुन्या वाहनांबाबतची भूमिका ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थिती जपण्याची आहे. पुनर्बांधणी या कसोटीस उतरते, कारण तीत मूळ ओतीव अंग टिकते. बदललेले जुने पिस्टन टाकून न देता मोटारीच्या कागदपत्रांसोबत जपण्याचा प्रघातही त्यातूनच आला आहे.

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत फेरफार न झालेली बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहने तीस पात्र ठरतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते आणि नियमित वापरासाठी ती वाहने रस्त्यावर आणता येत नाहीत. कॅलिपरची पुनर्बांधणी वरील फेरफारांत मोडत नाही. पन्नास वर्षांखालील खासगी मोटारींना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व त्या वेळच्या तपासणीत ब्रेकचाही समावेश असतो. त्यामुळे डब्ल्यू १२३ किंवा स्टँडर्ड २००० यांच्या मालकांना कामाचे देयक, वापरलेल्या भागांची मापे आणि दाबचाचणीची नोंद जपून ठेवणे उपयोगी पडते. पुढच्या वेळी कॅलिपर खोलणाऱ्या कारागिराला पिस्टन मूळ मापाचा आहे की लेथवर घडवलेला, हे त्याच कागदावरून कळते.